संसर्ग नसताना बुरशीविरोधी औषध कशासाठी?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाची तीव्र मायलॉइड ल्युकेमियासाठी केमोथेरपी सुरू आहे. संसर्ग नसतानाही त्याला पोसाकोनाझोलच्या गोळ्या दिल्या आहेत; शेजारच्या खाटेवरील लिम्फॉइड ल्युकेमियाच्या मुलाला मात्र त्या नाहीत. असे का?

उत्तर : केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरमागे ५००च्या खाली जाऊन अनेक दिवस, कधी काही आठवडे, तशाच राहतात, आणि हवेत सर्वत्र असणारे अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू, ज्यांचा निरोगी शरीर सहज बंदोबस्त करते, ते याच काळात फुप्फुसांत रुजू शकतात. हा संसर्ग उशिरा ओळखू येतो आणि जिवावर बेततो, म्हणून औषध आधीच देतात. त्या मुलाला बहुधा व्हिनक्रिस्टीन हे केमोथेरपीचे औषध दिले जात असावे. पोसाकोनाझोल यकृतातील त्याचे विघटन रोखते, त्यामुळे ते शरीरात साचून नसांना इजा होण्याचा धोका वाढतो. याच कारणाने भावालाही दुसरे कोणतेही औषध, आयुर्वेदिकसुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. गोळी जेवणासोबत, न चावता गिळावी. बांधकाम, तोडफोड, झाडलोट आणि कुंड्यांतील माती यांपासून त्याला दूर ठेवावे. साध्या कापडी मास्कवर विसंबू नये. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेल्यास, गोळ्या चालू असल्या आणि मध्यरात्र असली तरी, लगेच रुग्णालय गाठावे.