आंब्याच्या पेट्यांच्या एक्सेल शीटमध्ये टेक्स्टच्या दोन-तीन अटी कशा लावायच्या

अरे, एकदम लांबलचक फॉर्म्युला लिहायला बसू नकोस, आधी प्रत्येक अट वेगळ्या कॉलममध्ये लिहून ट्रू-फॉल्स बरोबर येतंय का ते बघ, मग जोड. तुझं बी कॉलमला आंब्याची जात आणि सी ला गाव आहे ना, मग देवगडचा हापूस किंवा पायरी हवा असेल तर असं:

=इफ(अँड(सी२="देवगड",ऑर(बी२="हापूस",बी२="पायरी")),"घे","सोड")

फंक्शनची नावं आणि बी२, सी२ हे सेलचे पत्तेही शीटमध्ये अर्थातच इंग्रजीत (B2, C2) टाक. ऑरमध्ये बी२= दोन्ही वेळा लिहायचंच, नवीन माणूस हमखास बी२="हापूस","पायरी" असं लिहितो आणि एक्सेल एरर फेकतं.

आता खरी कटकट. कोणी "हापूस" लिहितं, कोणी "हापूस ५ डझन", तिथे बरोबरचं चिन्ह चालत नाही आणि इफमध्ये "*हापूस*" असं स्टार लावूनही उपयोग नाही. तिथे इझनंबर(सर्च("हापूस",बी२)) वापर, सर्चला शब्द सापडला तर तो कितव्या अक्षरावर आहे तो आकडा देतो, नाही सापडला तर एरर, आणि इझनंबर त्याचं ट्रू-फॉल्स करतो. हेच ऑरच्या आत टाकलंस की झालं.

तरी जुळत नसेल तर शेवटी स्पेस पडलीय का बघ, ट्रिम(बी२) कर. पण "देवगड" आणि "देवगढ" ट्रिमने एक होणार नाहीत हां, त्याला गावाच्या कॉलमला ड्रॉपडाऊनच लाव. आणि फॉर्म्युला वर्डमधून कॉपी केलास तर वाकडे कोट येतात, ते खोडून शीटमध्येच परत टाईप कर.