पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) ऑर्डरचा सरासरी उशीर आणि रद्द ऑर्डरींचं प्रमाण कसं काढू? माझा सरासरी उशीर उणे नऊ हजार दिवस येतोय.

हा आकडा बहुधा रद्द ऑर्डरींमुळे येतोय. त्यांची डिलिव्हरीची तारीख रिकामी असते. पॉवर बीआयमध्ये वजाबाकी करताना रिकामी तारीख शून्य धरली जाते आणि शून्य म्हणजे ३० डिसेंबर १८९९. समजा पाच ऑर्डरी आहेत : एक २ दिवस उशिरा, एक वेळेवर, एक ३ दिवस आधी, एक ५ दिवस उशिरा, आणि पाचवी १ जानेवारी २०२४ ला पोचवायची होती पण रद्द झाली. पाचवीचा ‘उशीर’ उणे ४५,२९२ दिवस निघतो, आणि पाचही ऑर्डरींची सरासरी उणे ९,०५७.६.

उशिराचा वेगळा रकाना करा. इझब्लँक (जागा रिकामी आहे का ते सांगणारं फंक्शन) वापरून तपासा : डिलिव्हरीची तारीख रिकामी असेल तर ब्लँक, म्हणजे रिकामंच ठेवा, नाहीतर तीतून कबूल केलेली तारीख वजा. ॲव्हरेज हे फंक्शन ब्लँक धरतच नाही, म्हणून रद्द ऑर्डरी आपोआप बाहेर पडतात. उरलेल्या चारांची सरासरी १ दिवस.

पण या १ दिवसावर थांबू नका. एकाचा माल ३ दिवस आधी पोचला म्हणून दुसऱ्याने ५ दिवस वाट पाहिली ते भरून निघत नाही. मॅक्स (दोन आकड्यांतला मोठा देणारं फंक्शन) वापरून उणे आकडे शून्य केले तर सरासरी १.७५ येते, आणि फक्त उशीर झालेल्या ऑर्डरींची ३.५. मी नेहमी ३.५ दाखवतो आणि शेजारी ‘४ पैकी २ उशिरा’ असं लिहितो.

रद्दचं प्रमाण डिव्हाइड या भागाकाराच्या फंक्शनने काढा (रद्द ऑर्डरी भागिले एकूण ऑर्डरी), पण मोजणी ऑर्डर क्रमांकाच्या डिस्टिंक्टकाउंटने करा, म्हणजे तोच क्रमांक एकदाच मोजला जातो. मी सुट्या भागांच्या एका डेपोचा रिपोर्ट करायचो. तिथे एका ऑर्डरीत सहा वस्तू असल्या की टेबलात सहा ओळी, आणि साध्या काउंटने एक रद्द ऑर्डर सहा वेळा मोजली जायची. शिवाय रद्द ऑर्डर ग्राहकाने मुळात ज्या महिन्यात दिली होती त्याच महिन्यात धरा. नाहीतर दिवाळीआधीच्या ऑर्डरी दिवाळीनंतर रद्द होतात आणि त्या पुढच्या महिन्यातल्या मोजक्या ऑर्डरींनी भागल्या जातात.

त्याच डेपोत एका महिन्यात सरासरी उशीर एकदम खाली आला. सगळे खूश होते. मी रद्द ऑर्डरींची यादी उघडली, तर बऱ्याच जणांनी कबूल तारीख उलटून गेल्यावर ऑर्डर रद्द केली होती. सगळ्यात जास्त ताटकळलेले ग्राहकच सरासरीतून निघून गेले होते! तेव्हापासून मी तिसरा आकडा ठेवतो : रद्द करण्याची तारीख कबूल तारखेच्या नंतरची आहे अशा ऑर्डरी किती. तुमच्या टेबलात रद्द करण्याची तारीख नसेल आणि फक्त स्टेटस असेल, तर आधी ती तारीख साठवायला सांगा. अजून न पोचलेल्या आणि मुदत उलटलेल्या ऑर्डरीही वेगळ्या मोजा, कारण त्या या तिन्ही आकड्यांत कुठेच दिसत नाहीत.