४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे का?

नाही, ती संयुक्त आहे: ६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७, आणि हे दोन्ही अवयव मात्र मूळ आहेत. ही संख्या म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. याच घडणीच्या, म्हणजे २ चा १, २, ४, ८, १६ असा दर वेळी दुप्पट होणारा घात घेऊन त्यात १ मिळवलेल्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या संख्या (यांना फर्मा संख्या म्हणतात) मूळ निघाल्यामुळे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला पुढच्याही सगळ्या मूळच असतील असं वाटलं होतं. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने ६४१ हा अवयव शोधून ते खोडून काढलं.

कॅल्क्युलेटरशिवाय पडताळा हवा असेल तर हे वहीवर करून बघा, फार देखणं आहे. ६४० म्हणजे ५ × १२८, आणि १२८ हा २ चा ७वा घात. ६४१ ने भागताना ६४० ची बाकी −१ धरता येते, म्हणून चौथा घात केला की बाकी १. म्हणजेच ६२५ गुणिले २ चा २८वा घात, याची बाकी १. आता ६२५ = ६४१ − १६, तेव्हा ६२५ च्या जागी −१६ घाला. १६ हा २ चा चौथा घात, त्यामुळे उणे २ चा ३२वा घात याचीही बाकी १ आली. म्हणजे २ च्या ३२व्या घाताची बाकी −१, आणि त्यात १ मिळवलेल्या आपल्या संख्येची बाकी ०, म्हणून तिला ६४१ ने पूर्ण भाग जातो!

मात्र यावरून पुढच्या सगळ्याच फर्मा संख्या संयुक्त आहेत असं म्हणता येत नाही. त्या पाचांनंतर एकही मूळ सापडलेली नाही, पण सापडणारच नाही याची सिद्धता अजून कोणाकडे नाही.