स्पर्धेच्या .३०८ रायफलची पुंगळी किती वेळा भरता येते? लापुआचं महाग पितळ घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की एफ-टीआरसाठी (रायफलला दुपायी टेकू लावून, झोपून दूरच्या निशाण्यावर मारायची स्पर्धा) नुकतीच .३०८ विंचेस्टर घेतलीत. क्लबात एक जण सांगतो पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) पाचदा भरली की फेकून द्या, दुसरा वीस-पंचवीसदा भरल्याचं छातीठोकपणे सांगतो, आणि लापुआ या फिनलंडच्या कंपनीच्या पुंगळ्यांवर पैसे घालावेत का हे तुमचं ठरत नाहीये. मी फीनिक्सला बेन एव्हरी रेंजवर याच प्रकारात उतरतो. पोटापाण्यासाठी मशीन शॉपमध्ये असतो, त्यामुळे पितळ हा माझ्या रोजच्या कामातलाच भाग आहे.

ते दोघंही खरं सांगतायत. फरक त्यांच्या डायच्या (वापरलेली पुंगळी आवळून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्याच्या) सेटिंगमध्ये किंवा काडतुसाच्या दाबात असणार.

पुढे जाण्याआधी भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडं. स्वप्नील कुसळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं ती ५० मीटरची रायफल .२२ रिमफायर असते. तिच्या काडतुसात पेटवणारं रसायन बुडाच्या कडेतच भरलेलं असतं आणि फायरिंग पिन ती कडच चेपून टाकते, म्हणून ती पुंगळी एकदा वापरली की भंगार. पुन्हा भरता येतात त्या सेंटरफायर पुंगळ्या, ज्यांच्या बुडात मधोमध वेगळा प्रायमर बसतो. आणि भारतात परवान्याशिवाय घरी काडतुसं भरणं हा गुन्हा आहे, तेव्हा इथलं वाचून कुणी तिथे प्रयोग करू नये.

आता मूळ मुद्दा. गोळी सुटते तेव्हा पुंगळीचं काय होतं बघा. .३०८ची कमाल दाबमर्यादा ६२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड). या दाबाने पुंगळीची पुढची पातळ भिंत फुगून चेंबरला (बॅरलमधल्या काडतूस बसायच्या जागेला) घट्ट चिकटते. बूड जाड असतं, ते चिकटत नाही, मागे सरकून बोल्टला (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याला) जाऊन टेकतं. पुढचा भाग धरलेला, मागचा ओढला गेलेला, मग ताण कुठे येणार? भिंत जिथे जाड बुडाला मिळते, बुडापासून साधारण एक सेंटीमीटर वर, तिथे. पुंगळीचा खांदा (जिथे ती निमुळती होऊन बुलेट धरणाऱ्या मानेला मिळते तो उतार) आणि चेंबरचा खांदा यांत जेवढी फट, तेवढं पितळ त्या जागी दर वेळी ताणलं जातं आणि भिंत आतून पातळ होत जाते. शेवटी एके दिवशी बूड बाहेर येतं आणि उरलेली नळी चेंबरमध्येच अडकते. नशीब वाईट असेल तर गरम वायू बोल्टकडून तुमच्या तोंडाकडे येतो.

ही फट तुम्हीच ठरवता, सायझिंग डाय प्रेसमध्ये किती खाली बसवता त्यावरून. डायसोबतच्या पत्रकात बहुधा लिहिलेलं असतं की डाय शेलहोल्डरला (प्रेसमध्ये पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकवा आणि वर पाव वळसा द्या. ही सूचना काडतूस कुठल्याही रायफलमध्ये बसावं म्हणून दिलेली असते. तुमची रायफल एकच आहे. डायचे आटे इंचाला १४, म्हणजे पूर्ण वळशाला जवळपास १.८ मिलिमीटर. पाव वळसा झाला ०.४५. त्यातला बराचसा प्रेसचा ढिलेपणा आणि वाकणं खाऊन टाकतं हे खरं, पण खांदा गरजेपेक्षा कितीतरी जास्त मागे ढकलला जातो. स्पर्धेतल्या बोल्ट रायफलला ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर मागे ढकललेला पुरतो. ०.०५ म्हणजे डायचा जेमतेम दहा अंशांचा फेर, घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या दोन मिनिटांपेक्षाही कमी.

बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजायला कॅलिपरला लावायचा कंपॅरेटर मिळतो, तो घ्याच. वापरलेल्या पुंगळीचा प्रायमर आधी काढा, कारण तो किंचित बाहेर आला असेल तर माप चुकतं. नवी पुंगळी पहिल्याच फायरिंगला चेंबरभर पूर्ण फुगत नाही, तेव्हा दोन-तीनदा वापरलेल्या पाच-सहा पुंगळ्या मोजून त्यातल्या सर्वात लांब मापावरून डाय लावा. डाय एकदा लागला की लॉकरिंग घट्ट करून टाका. फक्त मान सायझ करायची जुनी पद्धत पितळ वाचवते म्हणतात, पण काही फेऱ्यांनंतर बोल्ट जड लागायला लागतो, आणि ऐन स्पर्धेत झोपलेल्या अवस्थेत बोल्टशी कुस्ती खेळण्यात अर्थ नाही. मी पूर्ण सायझ करतो, फक्त थोडंच.

ताण आला आहे का ते पाहायची युक्ती सोपी आहे. कागदं अडकवायची पेपरक्लिप सरळ करून टोकाशी छोटा काटकोन वाकवा. ते टोक पुंगळीच्या आत बुडापर्यंत नेऊन भिंतीला टेकवत वर ओढा. निरोगी पुंगळीत ते सरळ घसरत येतं. ताणलेल्या पुंगळीत त्या एक सेंटीमीटरच्या जागी खाचेत अडकून हाताला टक् असं जाणवतं. बाहेरून तिथे चकचकीत रेघेचं कडं दिसतं, पण सायझिंगमुळेही तसं कडं उमटतं, म्हणून डोळ्यांपेक्षा पेपरक्लिपवर विश्वास ठेवा.

बूड सांभाळलंत की पुढचा शत्रू मान. पितळ म्हणजे ढोबळमानाने ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, आणि ते ठोकलं, वाकवलं की कडक होत जातं. पुण्याच्या तांबट आळीत हंडा ठोकताना मध्येच भट्टीत तापवून मऊ करून घेतात, तीच गोष्ट इथे. प्रत्येक फेरीत मान फुगते, डाय ती आवळतो, आतला एक्सपांडर (मानेतून ओढला जाणारा गोळा) पुन्हा उघडतो. कडक झालेली मान आवळल्यावर पुरती आवळलेली राहत नाही, थोडी परत उघडते, आणि तीही प्रत्येक पुंगळीत वेगवेगळी. शेवटी तोंडाशी उभी चीर पडते. चीर फारशी धोक्याची नसते, पुंगळी टाकली की झालं. स्पर्धेचं नुकसान मात्र चीर पडायच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं.

हजार यार्डांवर एफ-क्लासचं दहा गुणांचं वर्तुळ दहा इंचांचं आणि आतलं एक्स पाच इंचांचं. .३०८च्या वेगात सेकंदाला दहा फुटांचा फरक पडला की तिथे गोळी सुमारे तीन इंच वर-खाली होते. वीस फूट फरक पडला तर वारा अगदी बरोबर वाचूनही नऊ. मानेची पकड असमान असेल तर वेगात असा फरक सहज येतो, आणि नेमबाज बिचारा वाऱ्याला शिव्या देत बसतो. म्हणून ‘किती फेऱ्या टिकते’ याचं स्पर्धेपुरतं उत्तर ‘कधी फुटते’ यावरून काढू नका. बुलेट बसवताना प्रेसच्या दांड्याला एखादी पुंगळी मऊ आणि पुढची जड लागायला लागली, म्हणजे ती बॅच सामन्यातून निवृत्त. सरावाला खुशाल वापरा.

यावर उपाय अनीलिंग, म्हणजे मान तापवून मऊ करणं. मी दर फेरीला करतो, काही लोक तीन फेऱ्यांनी करतात. दोन्ही चालतं, फक्त सगळ्या बॅचला एकदम करा. गॅसच्या टॉर्चने होतं, इंडक्शन मशीनने जास्त एकसारखं होतं. न्यूझीलंडची एएमपी मशीन इथे बऱ्याच जणांकडे दिसते. किंमत ऐकून घरचे विचारतील की रायफल घेतली तेव्हा हे का नाही सांगितलं. टॉर्चने करणार असाल तर दोन गोष्टी. साधारण २५० अंश सेल्सियसच्या खाली पितळावर फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे ओव्हनमध्ये ठेवून वगैरे काही साधत नाही. आणि बूड कधीही तापू द्यायचं नाही. मऊ मान चालते, मऊ बूड म्हणजे थेट अपघात. मान लालभडक होईपर्यंत धरलीत तर ती गरजेपेक्षा मऊ पडते आणि बुलेटला धरतच नाही.

लापुआच्या नव्या पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते. तो डाग नाही, कारखान्यातल्या अनीलिंगची खूण आहे. काही कंपन्या ती घासून काढतात एवढंच. पितळाला अशी उष्णता दिल्याने काय टळतं, त्याचा एक मोठा धडा आपल्याच देशातून आला. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवली जायची आणि न वापरताच त्यांना चिरा पडायच्या. लागोपाठ पावसाळ्यांत हेच होत राहिलं. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण मांडलं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा, आणि पुंगळी घडवताना पितळात राहून गेलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ फाटतं. ताण उष्णतेने काढून टाकला की चिरा थांबतात.

आजही यातून घ्यायचं ते इतकंच की पुंगळ्यांजवळ अमोनिया नको. भांडी चमकवायच्या काही पॉलिशमध्ये तो असतो, बॅरलमधलं तांबं काढायच्या काही द्रावणांतही असतो. चिंच-लिंबाने घासू का, हा प्रश्न मराठी माणसाला पडणारच. सौम्य आंबटाने काही बिघडत नाही, पण जास्त वेळ भिजवलंत तर पितळातलं जस्त निघून जाऊन गुलाबी झाक येते. मी मक्याच्या भुशाच्या टम्बलरमध्ये काजळी पुसली जाईल एवढंच फिरवतो. आरशासारखी पुंगळी गोळी सरळ मारत नाही.

राहिला प्रायमर पॉकेट, म्हणजे बुडातली प्रायमर बसायची खोलगट जागा. गरम लोड (जास्त दाब देणारी काडतुसं) मारणाऱ्यांच्या पुंगळ्या इथेच आधी मरतात. दाबाने बूड किंचित पसरतं, पॉकेट सैल होतं आणि प्रायमर अंगठ्याच्या जोराने आत जायला लागतो. त्यावर उपाय नाही, ती टाकायचीच. तुमच्या क्लबातल्या पाच फेऱ्यांवाल्या गृहस्थांचं बहुधा हेच होत असणार. मॅन्युअलच्या कमाल मर्यादेच्या खाली राहिलात तर पॉकेट आपोआप टिकतं. ॲरिझोनात याला आणखी एक पदर आहे. जूनमध्ये पारा अनेकदा ४३ अंशांच्या वर जातो, डबा उन्हात राहिला की तोच लोड जास्त दाब देतो. दहा-बारा गोळ्यांनंतर तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस घालून वारा बदलायची वाट बघत राहिलात तरी तेच, वर गोळीही उंच जाते. डबा ओल्या टॉवेलखाली ठेवा, आणि मारायचं नक्की झाल्याशिवाय काडतूस आत घालू नका.

लापुआ घ्यायचं तर मी पाल्मा पुंगळी सुचवेन. तिला लहान रायफल प्रायमर लागतो, त्यामुळे पॉकेटभोवती जास्त पितळ शिल्लक राहतं आणि बूड पसरायला वेळ लागतो. कडाक्याच्या थंडीत लहान प्रायमर कधीकधी कमी पडतो म्हणतात, आम्हाला इथे त्याची चिंता नाही. मध्यम लोड, थोडाच मागे ढकललेला खांदा आणि नियमित अनीलिंग केलं तर पंधरा-वीस फेऱ्या ही अवास्तव अपेक्षा नाही. साध्या पुंगळीलाही हीच वागणूक दिलीत तर ती दहाच्या पुढे सहज जाईल. म्हणून बजेट तोकडं असेल तर आधी कंपॅरेटर घ्या, मग महाग पितळ. फौजी ७.६२च्या (.३०८शी जवळपास सारख्या) वापरलेल्या पुंगळ्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच मशीनगनच्या ढिल्या चेंबरमधून आलेल्या असतात, म्हणजे बुडाजवळचा ताण तुमच्या हातात पडायच्या आधीच झालेला.

एकाच लॉटच्या दोनशे घ्या, पन्नास-पन्नासचे डबे करा आणि डब्यावर फेरी लिहीत जा. लांबी दर वेळी मोजा: कमाल ५१.१८ मिलिमीटर, त्याआधीच कापून ५०.९३ वर आणा. वाढलेली मान चेंबरच्या तोंडाला दाबली गेली तर बुलेट सुटायला जागा राहत नाही आणि दाब भलताच चढतो. एका डब्यात पेपरक्लिप दोन-तीन पुंगळ्यांत अडकली तर अख्खा डबा बाद करा. बाद पुंगळ्यांची मान पक्कडीने चेपूनच त्या भंगाराच्या बादलीत टाका. रेंजवर चांगलं पितळ दिसलं की उचलून नेणारे आणि भरणारे बरेच असतात.