जुनी छोटी गाडी घेताना ॲव्हरेजच्या आधी डिपस्टिक बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पहिलीच गाडी, बजेट बेताचं, फिरणं महिन्याला साधारण ७०० किलोमीटर आणि तेही बहुतेक शहरातल्या शहरात. समोर दोन गाड्या आहेत. एक नऊ वर्षांची डिझेल, मालकाच्या म्हणण्याप्रमाणे लिटरला २० देते. दुसरी सहा वर्षांची साधी पेट्रोल, लिटरला १६ देते, पण तिच्यात सगळं बजेट संपतंय. म्हणून विचारताय की ॲव्हरेज बघून डिझेल घेऊ का.

नका घेऊ. का ते कागदावरच मांडून बघा. महिन्याला ७०० म्हणजे वर्षाला ८,४०० किलोमीटर. २० च्या हिशोबाने ४२० लिटर, १६ च्या हिशोबाने ५२५. फरक वर्षाला १०५ लिटरचा, महिन्याला नऊ लिटरसुद्धा नाही. डिझेल थोडं स्वस्त असेल तर फरक अजून जरा वाढेल, मान्य. पण नऊ वर्षांच्या डिझेलचा एखादा इंजेक्टर किंवा टर्बो गेला, की काही वर्षांची ही बचत एका बिलात धुऊन निघते. आणि ते 'लिटरला २०' शहरात मिळणारही नाही. इंजिन गार असताना इंधन जास्त जातं, आणि तुमच्या दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते नीट तापायच्या आत तुम्ही घरी पोचलेले असता. त्यातून त्या डिझेलला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असेल तर आणखी डोकेदुखी. त्यातली काजळी जळायला सलग, बऱ्या वेगाचं ड्रायव्हिंग लागतं. ते मिळालं नाही की फिल्टर चोंदतो. डिझेल वाईट असं नाही, रोज हायवेवर जाणाऱ्याने जरूर घ्यावी. तुमचं काम ते नाही.

पण मग ती पेट्रोल घ्या असंही मी म्हणत नाही, निदान त्या किमतीला. जुन्या गाडीत सगळे पैसे ओतायचे नसतात. पाचवा हिस्सा तरी बाजूला ठेवा, कारण पहिल्या दोन-तीन महिन्यांत ऑइल, फिल्टर, कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी), ब्रेक ऑइल, बॅटरी, टायर यातलं काही ना काही निघतंच. तेच मॉडेल आणखी दोन वर्षं जुनं, पण सर्व्हिसची बिलं जपलेलं मिळालं, तर मी डोळे झाकून तिकडे वळेन. (डोळे झाकून नाही. पुढे वाचा.)

माझी स्वतःची पहिली जुनी गाडी मी रंग बघून घेतली होती. आत सुगंधी स्प्रे, डॅशबोर्ड पॉलिश केलेला, आणि मी पोचलो तेव्हा इंजिन आधीच चालू. 'तुमच्यासाठी एसी लावून ठेवलाय,' म्हणाले. मला काय कौतुक वाटलं! तिसऱ्या आठवड्यात चढावर टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला. मेकॅनिकने ऑइल भरायचं झाकण उघडून माझ्यासमोर धरलं, आतून कॉफीच्या फेसासारखा पिवळट थर. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातलं सील, गेलेलं, पाणी ऑइलमध्ये उतरत होतं. तेच झाकण मी घेण्याआधी अर्ध्या मिनिटात उघडू शकलो असतो. (थंडीत फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या चांगल्या गाडीतही झाकणाला थोडा असा थर धरतो. पण सोबत कूलंट कमी किंवा तेलकट दिसलं तर पुढे बोलूच नका.)

म्हणून मालकाला आदल्या दिवशी सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कारण विचारा, नाहीतर दुसऱ्या दिवशी परत जा. इंजिन गार असतानाच डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल बघायची पट्टी, काढा, कूलंटच्या टाकीत डोकावा. तपकिरी, गंजलेलं पाणी म्हणजे कित्येक वर्षं कुणी लक्ष दिलेलं नाही. मग दुसऱ्या कुणाला स्टार्टर मारायला सांगून स्वतः सायलेन्सरमागे उभे राहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. पांढरी वाफ गार सकाळी येतेच, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जळतंय असं समजा.

चालवताना रेडिओ बंद. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपलीय. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, कटकट आवाज आला तर ॲक्सलचे जॉइंट गेलेत. ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, तेही बघा.

टायमिंग बेल्टचा (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या इंजिनातल्या पट्ट्याचा) प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महागात पडतो. तुमच्या मॉडेलला बेल्ट आहे की चेन, हे आधी शोधून ठेवा. बेल्ट असेल तर कंपनीने दिलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना, जे आधी येईल तेव्हा बदलावा लागतो. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. 'बदललाय' हे तोंडी चालत नाही, बिल दाखवा म्हणा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून किंमत पाडा.

मीटर मागे फिरवलेला आहे का, हे मीटरकडे बघून कळत नाही. पेडलचं रबर, स्टिअरिंगची घासून चकचकीत झालेली कडा, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची बाजू बघा. ४०,००० चालल्याचं सांगतात आणि क्लचच्या पेडलवरची नक्षी पुसलीय, तर काहीतरी जमत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. चारही टायर चार वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालक कसा आहे ते मला तिथेच कळतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पुरात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर आत मातीची रेघ राहिलेली असू शकते.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारा स्कॅनर लावून घ्यायचा असेल तर मेकॅनिकला फक्त 'एरर आहे का' विचारू नका, 'मॉनिटर रेडी आहेत का' हेही विचारा. मॉनिटर म्हणजे तो कॉम्प्युटर गाडी चालताना स्वतःच करतो त्या तपासण्या. येण्याआधी कुणी एरर पुसले असतील तर मॉनिटर अपूर्ण दिसतात. बॅटरी नुकती काढली असेल तरी तसंच दिसतं, म्हणून तेही विचारून घ्या. मेकॅनिक मात्र तुमचा हवा, विकणाऱ्याचा ओळखीचा नको. तपासणीचे पैसे द्यायला कुरकुर करू नका. मी मागच्या दोन गाड्या माझ्या मेकॅनिकच्या एका 'राहू द्या'वर सोडल्या.

ऑटोमॅटिकचंही विचारलंत. या बजेटमध्ये मॅन्युअलच. गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याची नोंद असलेली जुनी ऑटोमॅटिक क्वचितच सापडते.

त्या पेट्रोलवाल्याकडे बेल्टचं बिल आहे का तेवढं आधी फोनवर विचारा, आणि काय म्हणाला ते इथे लिहा.