साध्या स्टिरिओ हेडफोनमधून सराउंड साउंड मिळतो का?

तुमच्याकडे साधा स्टिरिओ हेडफोन आहे. सिनेमा बघताना आणि गेम खेळताना आवाज चहूबाजूंनी यावा असं तुम्हाला वाटतं, आणि त्यासाठी खोक्यावर ‘७.१’ (म्हणजे सात स्पीकर आणि जाड आवाजाचा एक) छापलेला हेडसेट घ्यावाच लागतो का, असं तुम्ही विचारलंय.

नाही, घ्यावा लागत नाही. आहे त्यातच काम होतं, आणि बऱ्यापैकी झकास होतं. एका जागी मात्र ते हमखास अडखळतं. त्याबद्दल पुढे सांगतोच, कारण खोक्यावर ते कुणी छापत नाही.

मला हे शहाणपण पैसे मोजून आलं. असाच एक ७.१ वाला हेडसेट मी हौसेनं घेतला होता. सोबत यूएसबीला लावायची एक छोटी डबी होती. दोन आठवडे मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो की याच्यात आणि साध्या हेडफोनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग एकदा कानाची गादी बदलायला म्हणून उघडला, तर आत प्रत्येक कानाला एकेकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर! थोडक्यात, हाही स्टिरिओच. सगळी करामत त्या डबीतली. डबीला माझा जुना हेडफोन जोडून पाहिला, तर सराउंड तसाच्या तसा, आणि आवाज उलट जास्त स्वच्छ. त्यानंतर मी मित्रांपुढे हा विषय काढणं बंद केलं.

काही हेडसेटमध्ये एकेका कानात खरोखरच चार-पाच छोटे ड्रायव्हर बसवलेले असतात. त्यातही मला फारसा अर्थ दिसत नाही. कानाला चिकटलेल्या जागेत ‘पुढचा’ आणि ‘मागचा’ स्पीकर ठेवून पुढचं-मागचं नीट कळत नाही. शिवाय खऱ्या खोलीत डावीकडच्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही ऐकू येतो, तो इथं पोचतच नाही. आणि एवढ्याशा जागेत कोंबलेले ड्रायव्हर एका चांगल्या मोठ्या ड्रायव्हरच्या तोडीचे क्वचितच निघतात.

आता मुळाशी जाऊ. कान दोनच असतात. थिएटरात पन्नास स्पीकर लावले तरी तो सगळा आवाज मेंदूकडे जातो दोनच वाटांनी. तरी मागच्या रांगेत कुणी खोकलं तर आपण बरोबर मागेच वळून बघतो. म्हणजे दिशेची सगळी खबर त्या दोन वाटांवरच्या आवाजात कुठेतरी असतेच. ती हेडफोनमधून तशीच कानात घालता आली, तर मेंदू फसायला तयारच बसलेला असतो.

ही खबर असते तरी कशी? डावं-उजवं कळण्याचा भाग सोपा आहे, आणि तो लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडला. (आकाश निळं का दिसतं ते सांगणारे, तेच हे.) उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला जरा उशिरा पोचतो, कारण मधे डोकं आहे. हा उशीर फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा. पण मेंदू इतका चोखंदळ की परिस्थिती अनुकूल असेल तर दहा मायक्रोसेकंदांच्या आसपासचा फरकही तो ओळखतो. जाड, खालच्या पट्टीच्या आवाजांना हे वेळेचं गणित लागू पडतं. साधारण १५०० हर्ट्झच्या वरच्या बारीक आवाजांना डोकं आडवं येतं, त्यांची सावली पडते आणि पलीकडच्या कानाला ते दबके ऐकू येतात. तिथे दिशा कळते ती आवाजाच्या कमी-जास्त असण्यावरून.

पण समोरचा आवाज आणि बरोबर मागचा आवाज? दोन्ही दोन्ही कानांना एकाच वेळी आणि सारख्याच जोरानं पोचतात. तीच गत डोक्यावरच्या आवाजाची. मग फरक कळतो कशानं? तर आपल्या कानाच्या वेड्यावाकड्या आकारानं. त्या घड्या, तो मधला खळगा, ही नुसती शोभा नाही. आवाज कुठल्या कोनातून आला त्यानुसार तिथे काही वारंवारता उठावदार होतात, काही खाल्ल्या जातात. हा ठसा मुख्यतः ४-५ हजार हर्ट्झच्या वर उमटतो. मेंदूला लहानपणापासून त्या ठशांची सवय असते.

वाटल्यास घरीच करून पाहा. डोळे मिटून बसा आणि कुणाला तरी तुमच्या समोर, मागे, वर असा कुठेही चाव्यांचा जुडगा वाजवायला सांगा. तुम्ही बोटानं दिशा दाखवत जा. मग दोन्ही कानांच्या घड्यांत आटा किंवा चिकणमाती अलगद भरा, फक्त भोक मोकळं ठेवा, आणि पुन्हा तेच करा. डावं-उजवं तेवढं बरोबर येईल, पण समोर, मागे आणि वर यांचा गोंधळ उडेल. माझ्या धाकट्या भावानं जुडगा माझ्या मागे वाजवला आणि मी आत्मविश्वासानं टीव्हीकडे बोट दाखवलं.

हेडफोन लावला की नेमकं हेच सगळं बाजूला पडतं. आवाज डोक्याला वळसा घालत नाही, कानाच्या घड्यांवरून जात नाही, भिंतींवर आपटून येत नाही, थेट भोकापाशीच वाजतो. म्हणून हेडफोनवर गाणं ऐकताना गायक समोर न वाटता आपल्या कवटीच्या आत कुठेतरी, दोन कानांना जोडणाऱ्या रेषेवर बसून गातोय असं वाटतं.

हा हरवलेला भाग परत मिसळायचा, एवढंच ‘व्हर्च्युअल सराउंड’चं काम. माणसाच्या किंवा पुतळ्याच्या कानात बारीक माइक बसवतात, भोवती वेगवेगळ्या कोनांवर स्पीकर वाजवतात, आणि प्रत्येक दिशेचा आवाज कानात शिरेपर्यंत किती बदलला याची नोंद करतात. या नोंदीला एचआरटीएफ म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९९४ साली ‘केमार’ नावाच्या पुतळ्यावर केलेली अशी मोजमापं सगळ्यांना खुली केली गेली, आणि त्यावर पुढे बरीच मंडळी पोसली गेली. सॉफ्टवेअर काय करतं, तर सिनेमातला मागच्या डाव्या स्पीकरचा आवाज घेतं, त्याला त्या कोनाचा ठसा मारतं, दोन्ही कानांसाठी वेगळा. असे सात स्पीकरांचे दोन-दोन ठसे, म्हणजे चौदा. सगळे मिसळून शेवटी निघतात ते दोनच चॅनेल, जे कुठल्याही साध्या हेडफोनला चालतात. ब्लूटूथ असला तरी हरकत नाही, कारण हे सगळं आवाज हवेत पाठवण्याआधीच उरकलेलं असतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. विंडोजमध्ये टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून स्पेशियल साउंड शोधा. तिथे ‘विंडोज सॉनिक फॉर हेडफोन्स’ २०१७ पासून फुकटच बसलेलं आहे. त्याच यादीत डॉल्बी अ‍ॅटमॉस आणि डीटीएसही असतात, त्यांना पैसे पडतात. आधी फुकटचं वापरा. ज्यांना खटपट आवडते त्यांनी ‘इक्वलायझर एपीओ’ हे आवाज हवा तसा बदलणारं सॉफ्टवेअर टाकून त्यावर ‘हेसुवी’ हे सराउंडचं सॉफ्टवेअर चढवावं. त्यात डझनावारी वेगवेगळ्या खोल्यांचे आणि यंत्रांचे ठसे मिळतात, आणि स्वतःच्या कानाला कुठला बसतो ते एकेक लावून बघता येतं. मी तेच वापरतो. लिनक्सवाल्यांना पाइपवायरमध्ये, म्हणजे तिथल्या आवाज सांभाळणाऱ्या यंत्रणेत, हीच सोय करून घेता येते. प्लेस्टेशन ५ ला तर काहीच विकत घ्यावं लागत नाही, कंट्रोलरच्या भोकात कुठलाही हेडफोन खुपसा, आणि सेटिंगमध्ये कानाला पटेल असा नमुना ठेवा.

इथे दोन ठिकाणी लोक हटकून फसतात. पहिलं म्हणजे मूळ आवाजच स्टिरिओ असला तर सॉफ्टवेअर सराउंड आणणार कुठून? मागे स्पीकर आहेत असं ते भासवेल, पण त्यात वाजवायला काही हवं ना. सिनेमाच्या फाइलमध्ये ५.१ चा ट्रॅक आहे का, आणि प्लेअर तो पूर्ण बाहेर पाठवतो की आधीच दोन चॅनेलमध्ये कोंबतो, हे बघा. ब्राउझरमधून बघत असाल तर बहुतेक वेळा दोनच चॅनेल हाती लागतात. गाण्यांना तर मी हे सगळं बंदच ठेवतो. ती स्टिरिओसाठीच मिसळलेली असतात आणि सराउंड लावला की न्हाणीघरात गायल्यासारखी वाटतात. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये एखादं वाद्य फक्त एकाच कानात वाजतं आणि डोकं उठतं, तेवढ्यापुरता क्रॉसफीड लावावा, म्हणजे या कानातलं थोडं त्या कानात सोडायचं.

दुसरी फसगत गेममध्ये होते. बऱ्याच गेममध्ये एचआरटीएफ आतच असतो. तो चालू ठेवून वर विंडोजचंही सुरू केलं, आणि हेडसेटच्या डबीवरचं ७.१ चं बटणही दाबलं, तर एकावर एक तीन ठसे पडतात आणि पावलांचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. कुठलं तरी एकच ठेवा. गेमला स्वतःचं असेल तर तेच ठेवा, कारण गोळी नेमकी कुठून सुटली हे गेमला ठाऊक असतं. बाहेरच्या सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा सात स्पीकरांपुरतंच कळतं.

आता ती अडखळणारी जागा. बाजूचं छान जमतं, मागचंही बऱ्यापैकी जमतं, पण समोरचं जमत नाही. पात्र पडद्यावर बोलतंय, पण आवाज येतो कपाळातून, कधी डोक्यावरून, कधी चक्क मागून. याची कारणं दोन. एक तर तो ठसा दुसऱ्याच्या कानाचा. दुसऱ्याचा चष्मा लावल्यासारखं होतं, दिसतं पण नीट नाही. काही कंपन्या फोनच्या कॅमेऱ्यानं तुमच्या कानाचं चित्र घेऊन ठसा जुळवून देतात तो यासाठीच.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आवाज पुढून की मागून अशी शंका आली की आपण नकळत मान किंचित वळवतो. मान उजवीकडे वळवली, तर समोरचा आवाज डाव्या कानाकडे सरकतो, मागचा उजव्या कानाकडे. झालं, शंका मिटली. हान्स वॉलाक या मानसशास्त्रज्ञानं १९४० साली हे प्रयोगांनी दाखवलं होतं. हेडफोन घालून मान वळवली की सगळं जगच सोबत वळतं, आणि मेंदू म्हणतो, हे काही खरं नाही. म्हणून अ‍ॅपलच्या एअरपॉड्ससारख्या काही हेडफोनांत मान कुठे वळली हे मोजणारे सेन्सर असतात. मान वळली की आवाज उलट दिशेनं फिरवून संवाद पडद्यापाशीच खिळवून ठेवतात. सिनेमासाठी जास्तीचा खर्च करायचाच असेल तर मी तो या सोयीवर करीन, खोक्यावरच्या आकड्यावर नाही. गेममध्ये ही अडचण कमी जाणवते, कारण तिथे तुम्ही माउसनं वळता आणि आवाज त्याप्रमाणे फिरतो. मान नाही तर माउस, मेंदू बऱ्यापैकी समजून घेतो.

आणि जरा धीर धरा. पहिल्या दिवशी हे सगळं घुमल्यासारखं, पातळ वाटतं आणि लोक दहा मिनिटांत बंद करून टाकतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९८ साली लोकांच्या कानात साचे बसवून त्यांचा आकारच बदलून टाकला होता. आधी त्यांना वरचं-खालचं कळेना, पण काही आठवड्यांत मेंदू नवे कान शिकला, आणि साचे काढल्यावर जुनेही विसरला नव्हता. तेव्हा एकच ठसा निवडून निदान आठवडाभर तोच ऐका. रोज बदलत बसलात तर एकाचीही सवय होणार नाही. माझ्या अनुभवात मागून उघड्या असलेल्या हेडफोनवर हे जास्त खुलतं, बंद हेडफोनवर आवाज डोक्यातून बाहेर निघायला जरा कुरकुर करतो. मात्र तो उघडा हेडफोन लावून रात्री सिनेमा बघितलात तर शेजारच्या खाटेवरच्यालाही तो ऐकावा लागेल.

सगळं करूनही काहीच फरक वाटत नसेल, तर आधी बघा की ब्लूटूथ हेडफोनचा माइक तर चालू नाही ना. गेममध्ये बोलायला तो सुरू केला की बरेच हेडफोन फोन-कॉलच्या मोडमध्ये जातात आणि दोन्ही कानांत एकच सपाट आवाज यायला लागतो. वेगळा माइक लावा, प्रश्न मिटतो. आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ बंद आहे ना तेही एकदा तपासा. माझ्याकडे ते चालू राहिलं होतं आणि मी तीन दिवस ठसे बदलत बसलो होतो.