पडद्यावरचा तास बघताना

बी.एड.च्या पहिल्याच सत्रात ऑनलाइन पाठनिरीक्षण, म्हणजे तासाचं चित्रण बघून नोंदी करणं, आलं म्हणून वैतागू नकोस. मागच्या बाकावर बसून जे निसटतं, ते इथे थांबवून पुन्हा बघता येतं. फक्त सिनेमा बघितल्यासारखं बघू नकोस.

पहिल्यांदा वही मिटून सबंध तास बघ. दुसऱ्यांदा एकच गोष्ट धर: प्रश्न विचारल्यावर बाई किती वेळ थांबतात? घड्याळ लावून मोज. पुष्कळदा दोन सेकंदही न थांबता त्या स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होतात. तिसऱ्यांदा, वर्गात कोण किती बोलतं ते मोजायची फ्लँडर्सची पद्धत वापर. दर ३ सेकंदांनी, तेव्हा जे चाललंय त्या प्रकाराचा आकडा टिपायचा. १० प्रकारांपैकी ७ शिक्षकाच्या बोलण्याचे, २ विद्यार्थ्यांच्या, उरलेला शांतता किंवा गोंधळाचा. हात भरून येतो खरा, पण १० मिनिटांत २०० नोंदी होतात आणि मुलं किती कमी बोलली ते कागदावरच दिसतं.

कॅमेरा बहुधा फळ्याकडे असतो, हे मात्र विसरू नकोस. मी एकदा ऐटीत ‘वर्ग एकाग्र होता’ असं लिहिलं. नंतर समोरून घेतलेलं चित्रण पाहिलं, तर शेवटच्या बाकावर फुल्ली-गोळा रंगलेला! तेव्हापासून ‘मुलांना समजलं’ लिहीत नाही. ‘चौघांनी हात वर केले’ एवढंच लिहितो.

चित्रफीत व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नकोस, त्यात लहान मुलांचे चेहरे आहेत.

आणि शाळेत जायचा कंटाळा करू नकोस. डब्याच्या सुट्टीनंतरचा वर्ग पडद्यावर कळत नाही.